साच्यात अडकलेला नाताळ

माझी मेहुणी मिनियापोलिसला राहते. भारतात येताना विमान कंपनी तिला दर बॅगेमागे 23 किलो सामान आणू देते आणि ती 26 किलो आणते. मागच्या खेपेला चॉकलेटं, बदाम आणि सासऱ्यांच्या गुडघ्याचा पट्टा यांच्या खालून एक जडशीळ, सोनेरी भांडं निघालं. ओतीव ॲल्युमिनियमचं. आतल्या अंगाला गोलाकार उभी असलेली सूचिपर्णी झाडं, प्रत्येक फांदी वेगळी कोरलेली आणि मधोमध तळातून वर आलेली एक नळी. "यात केक केला की अख्खं जंगल बाहेर येतं," मेहुणी म्हणाली.

आईने भांडं हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला, ते डोळ्यांसमोर धरलं, नळीतून पलीकडे बसलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "याला भोक पडलंय."

'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग' नावाच्या सिनेमात नवरीच्या आईलाही असा केक भेट मिळतो. तीही त्या भोकाने अस्वस्थ होते आणि शेवटी त्यात फुलांची कुंडी ठेवून विषय मिटवते. आमच्याकडे विषय मिटला नाही, कारण मी समजावून सांगायला बसलो. मला कुठलीही वस्तू करता येण्याच्या आधी तिचा इतिहास सांगता येतो.

मी सांगितलं, की ऑस्ट्रियात, जर्मनीत आणि फ्रान्सच्या अल्सास भागात असा मधे पोकळ, कंगोऱ्यांचा केक फार पूर्वीपासून करतात. 1950 साली मिनियापोलिसमधल्या हदासा या संस्थेच्या ज्यू बायका डेव्हिड डालक्विस्ट नावाच्या भांडी बनवणाऱ्याकडे गेल्या आणि आमच्या युरोपातल्या आज्यांकडे होतं तसलं भांडं ॲल्युमिनियममध्ये करून द्या म्हणाल्या. त्याने दिलं. नाव ठेवलं 'बंट'. बरीच वर्षं त्याला फारसं कुणी विचारलं नाही. मग 1966 साली पिल्सबरी कंपनीच्या केकच्या स्पर्धेत एला हेलफ्रिच या बाईंनी त्या भांड्यात चॉकलेटचा केक केला. कापला की आत ओल्या चॉकलेटचा बोगदा. बाईंचा नंबर दुसरा आला, पण पहिला कुणाचा आला हे आज कुणी विचारत नाही. सगळी अमेरिका त्या भांड्याच्या मागे लागली. आता त्यातली काही जुनी भांडी वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहेत.

"आणि भोक?" आईने विचारलं.

"घट्ट पीठ मधे कच्चं राहू नये म्हणून. नळीतून मधल्या भागालाही उष्णता मिळते."

"मग मेदूवड्यासारखं, असं सांग की," आई म्हणाली. 1950 पासूनचा इतिहास तिने पुसून टाकला आणि भांडं माळ्यावर ठेवायला सांगितलं.

ते तिथेच राहिलं असतं. पण बायकोची कॉलेजातली मैत्रीण वसईची आहे. सामवेदी ख्रिस्ती घर. दरवर्षी नाताळला संध्याकाळी आम्ही ठाण्याहून तिच्या आईकडे जातो. अंगणात गव्हाणी, दारावर कागदाचा तारा, आत टेबलावर फुगे, इंद्याल, काट्याच्या पाठीवर वळलेली कुलकुलं, आणि या सगळ्यात शांतपणे बसलेला मावशींचा केक. काळसर, साधा गोल, वर काहीही नाही. शिवाय मावशींची घरी केलेली द्राक्षाची वाईन. ती गोड असल्यामुळे चढते आहे हे समजत नाही. त्या वाईनच्या दुसऱ्या ग्लासानंतर मी उभा राहिलो आणि जाहीर केलं, "पुढच्या वर्षी केक मी आणणार!"

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग ती मंडळी आपसात कादोडीत बोलायला लागली. कादोडी मला येत नाही, पण हसणं कुठल्याही बोलीत सारखंच असतं. मावशी तेवढ्या मराठीत म्हणाल्या, "आण हो बाबा. आम्ही पण करून ठेवू." त्या वाक्याचा उत्तरार्ध मी तेव्हा मनावर घेतला नाही.

नाताळचा केक हे आदल्या दिवशी करण्याचं काम नव्हे. सुका मेवा निदान महिनाभर रममध्ये भिजला पाहिजे, आणि भाजल्यावर केकही काही दिवस मुरला पाहिजे. मी काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याच्या सालीचा मुरांबा आणि रमची बाटली असं घेऊन घरी आलो आणि नोव्हेंबरातच बरणी भरली. बरणी ओट्यावर ठेवली. ओट्याच्या अगदी समोर देव्हारा आहे. आईने बरणीकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता देव्हाऱ्याचा पडदा ओढला. दुसऱ्या दिवशी बरणी चपलांच्या कपाटात होती. तिथून ती आमच्या पलंगाखाली आली. मी रोज रात्री झोपण्याआधी ती हलवायचो. "याने लग्नानंतर माझी इतकी चौकशी कधी केली नाही," असं बायकोने बहिणीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं.

माझा आत्मविश्वास मात्र बरणीतल्या बेदाण्यांसारखा फुगत होता, कारण मधल्या काळात मी तलश्शेरीची गोष्ट वाचली होती. भारतातला पहिला नाताळचा केक केरळातल्या या गावात 1883 साली झाला असं सांगतात. मर्डोक ब्राऊन नावाच्या मळेवाल्या साहेबाने विलायतेहून आणलेला केक मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्याला चाखायला दिला आणि म्हणाला, असा करून दाखव. बापूंनी साचा लोहाराकडून करून घेतला. साहेबाने सुचवलेली फ्रेंच ब्रँडी बाजूला ठेवून काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची गावठी दारू वापरली. साहेब खूश. मी म्हटलं, लोहाराने ठोकलेल्या साच्यातून जर 1883 साली केक निघू शकतो, तर माझ्याकडे खास मिनियापोलिसचं भांडं आहे. शिवाय साचे मला नवीन नाहीत. दर गणपतीला आमच्याकडे माव्याचे मोदक मीच करतो. दोन पाकळ्यांचा, बिजागरीचा साचा. सारण दाबायचं, कडेचं पुसायचं, साचा उघडायचा, मोदक हजर. ज्याच्या हातून मोदकाची एक कळी कधी मोडली नाही त्याला झाडांची काय भीती?

रजा मला मिळाली ती नाताळच्या आदल्या गुरुवारची. नाताळ त्या वर्षी मार्गशीर्षात आला होता. मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे आईचा महालक्ष्मीचा उपास, दिवाणखान्यात मांडलेला घट, आणि संध्याकाळी कथा वाचायला येणाऱ्या शेजारच्या बायका. त्या दिवशी घरात अंडं फोडणं म्हणजे काय, हे मी आईला विचारायलाच गेलो नाही. आईनेच निवाडा दिला. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना वर्ज्य. पॅसेजच्या पलीकडे जे काय होईल ते तिला दिसणार नाही. अंडी बुधवारी रात्रीच आत न्यायची. आणि नंतर आंघोळ करायची. मी, म्हणजे. अंड्यांनी नव्हे.

अशा रीतीने नाताळचा केक आमच्या बेडरूममध्ये सुरू झाला. ओटीजी ड्रेसिंग टेबलावर आणि त्याची पिन एसीच्या जाड पॉइंटमध्ये. मैदा पलंगावर चाळला. लोणी-साखर फेटताना आरशात स्वतःला पाहिलं आणि टीव्हीवरचे शेफ बरे दिसतात ते एप्रनमुळे दिसतात अशी समजूत घातली. रंगासाठी साखर जाळायची होती. ते काम गॅसशिवाय होणार नाही, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन निव्वळ साखर आणि पाणी एवढंच हाताळण्याची परवानगी काढली. ती साखर जरा जास्तच जळली. आईने उपासाच्या खिचडीवर झाकण ठेवलं.

मग भांड्याला आतून काय लावायचं हा प्रश्न आला. मेहुणीने बरोबर एक चिठ्ठी ठेवली होती, ती मी माळ्यावरच विसरलो होतो. वर चढण्यापेक्षा आईला विचारणं सोपं होतं. पॅसेजच्या टोकाला उभा राहून मी ओरडलो, "साच्याला काय लावतात?"

"तुपाचा हात फिरव," पलीकडून उत्तर आलं.

मी पातळ केलेलं साजूक तूप सढळ हाताने फिरवलं. झाडन् झाड चमकायला लागलं. पीठ ओतलं, जायफळ-दालचिनीचा वास आला, आणि भांडं ओटीजीत सरकवलं तेव्हा कळलं की नळीचं टोक वरच्या रॉडला जवळजवळ टेकतंय. वरचा रॉड बंद केला आणि 150 अंशांवर काटा आणला. त्याच क्षणी बाथरूममध्ये कुणीतरी गीझर लावला आणि घरभर अंधार झाला. एमसीबी पुन्हा वर केला. एक सूचना काढली: केक होईपर्यंत कुणीही आंघोळ करणार नाही. आई म्हणाली, "आणि तू?"

दीड-दोन तासांनी सुरी घालून पाहिली, स्वच्छ निघाली. आता इथे मला थांबून सांगितलं पाहिजे, की बंट भांड्यातला केक बाहेर काढण्याचा एक मुहूर्त असतो. भट्टीतून काढल्यावर साधारण 10 ते 15 मिनिटं. त्याआधी उलटा केला तर तो इतका मऊ असतो की मोडतो. त्यानंतर उलटा केला तर कडेला आलेली साखर थंड होऊन धातूला चिकटते आणि वाफेचं पाणी होऊन कडा ओल्या होतात. हे मला माहीत होतं. माझं घड्याळाकडे लक्षही होतं. बारा मिनिटांनी मी भांड्यावर ताटली पालथी घातली, दोन्ही हातांनी धरून उलटं केलं आणि वरून लाटण्याने टोला दिला.

"अहो शूऽऽ!" दिवाणखान्यातून आवाज आला. कथा सुरू झाली होती.

मी दार किलकिलं करून पाहिलं. घटापुढे समई, पाटावर पोथी, भोवती शेजारणी. लक्ष्मी म्हातारीच्या वेशात राणीच्या दारी आली होती. अशा वेळी आतून लाटण्याचे दणके येणं बरं दिसलं नसतं. मी भांडं पुन्हा सुलटं केलं आणि हात जोडून पलंगावर बसलो. कथेत लेकीला लक्ष्मी भेटली. मग राणीचं राज्य गेलं. मग राणी लेकीकडे आली. मग माहात्म्य झालं. मग आरती. मग एकीने "कसला गोड वास येतोय?" असं विचारलं आणि आई म्हणाली, "नवीन धूप आणलाय." सबंध केकमध्ये रमचा जो काही वास उरला होता तो त्या क्षणी लक्ष्मीच्या चरणी गेला. मग हळदीकुंकू, दूध, केळी, "बसा ना अजून". आई कधी नव्हे ती आग्रह करत होती, असा मला दाट संशय आहे.

मुहूर्त टळून तासाहून जास्त वेळ झाला होता. मी भांडं उलटं केलं. काही नाही. टोला दिला. काही नाही. गरम पाण्याचा टॉवेल गुंडाळला. हलवलं, तेव्हा आत काहीतरी हललं आणि मला आनंद झाला. बायकोने आणि मी मिळून भांडं पलंगाच्या कडेला हलकेच आपटलं. खालच्या मजल्यावरून फोन आला. मग एक दीर्घ, ओला आवाज झाला आणि ताटलीत केक उतरला.

म्हणजे केकचा बुंधा उतरला. खालचा सपाट, गोल, भोकाचा भाग. जंगल आतच राहिलं. एकही झाड आलं नाही. भांड्यात वाकून पाहिलं तर सगळी झाडं केकने गच्च भरून जागच्या जागी उभी होती. मिनियापोलिसच्या कारागिराने कोरलेली एकूण एक फांदी माझ्या केकने इमानाने पकडली होती. काम चोख झालं होतं, फक्त उलट्या बाजूने.

कारणं नंतर समजली, म्हणजे माळ्यावरून चिठ्ठी काढल्यावर. पातळ तूप उभ्या कोरीव भिंतीवर टिकत नाही, ते ओघळून तळाशी साचतं. घट्टसर लोणी किंवा वनस्पती तूप ब्रशने प्रत्येक खाचेत लावायचं, त्यावर मैदा भुरभुरून भांडं झटकायचं, आणि हे सगळं पीठ ओतायच्या अगदी आधी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: अशा नक्षीच्या भांड्यात साधा गुळगुळीत पिठाचा केक करायचा. रम प्यायलेले बेदाणे-खजूर भिंतीला लागले की त्यांची साखर तिथेच पाक होऊन बसते. पण माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी एक वेगळीच गोष्ट आहे आणि ती चिठ्ठीत नव्हती. आपला मोदकाचा साचा उघडतो. काही अडलंच तर बिजागरी सैल करून, पाकळ्या हलकेच दूर करून समजूत काढता येते. माझं मोदकातलं सगळं कौशल्य हे त्या बिजागरीचं कौशल्य होतं. बंटचं भांडं एकसंध. त्याच्याशी वाटाघाटी होत नाहीत. आणि साध्या गोल डब्यातला केक बिघडला तर तो गुपचूप खाता येतो. झाडांच्या साच्यात केला की तुम्ही जगाला आधीच झाडं कबूल केलेली असतात.

शुक्रवारी सकाळी घट हलला. मी उठून पाहतो तर आई गॅलरीत उन्हात बसलेली, मांडीवर भांडं, हातात चमचा. एकेक झाड मुळापासून उकरून खात होती.

"खरवड छान लागते," ती म्हणाली. "बासुंदीची लागते तशी. उरलेला केक असाच का नाही केलास?"

"आई, त्यात रम आहे."

"भाजल्यावर काय राहतंय?" ती म्हणाली आणि आणखी एक झाड काढलं. "जरा औषधासारखा वास येतो. सर्दीला बरं."

अर्धं जंगल तिने संपवलं. दुपारी तिला गाढ झोप लागली.

आता माझ्याकडे एक बुंधा होता, परातभर चुरा होता, आणि वसईला दिलेला शब्द होता. बायको म्हणाली, लाडू वळ. सूचना काही अडाणीपणाची नव्हती. केकचा चुरा रममध्ये मळून गोळे करण्याची पद्धत युरोपातही आहे, त्याला रम बॉल म्हणतात आणि पैसे घेऊन विकतात. मी चुऱ्यात थोडी रम, थोडं वितळलेलं चॉकलेट घालून मळला. गोळा छान झाला. वळायला बसलो आणि हात आपोआप कपाटातल्या वरच्या कप्प्याकडे गेला.

मोदक इतके सुरेख उतरले की काय सांगू. काळसर तपकिरी, प्रत्येक कळी स्पष्ट, टोक तीक्ष्ण. मी ते चांदीच्या वर्खाच्या कागदावर मांडत असताना आई उठून आली. बराच वेळ बघत राहिली.

"हा गणपतीचा साचा आहे."

"धुवून ठेवतो."

"अंडं आणि दारू."

"आई, तूसुद्धा सकाळी—"

"मी चमच्याने खाल्लं. साच्यात नाही घातलं." एवढं बोलून तिने साच्यावर चिकटपट्टी लावली आणि त्यावर पेनाने मोठ्या अक्षरात माझं नाव लिहिलं. गणपतीला नवीन साचा येणार, आणि तो मला मिळणार नाही, हे तिथेच ठरलं.

नाताळच्या संध्याकाळी वसईला गेलो. मोदकांचा डबा, आणि पुरावा म्हणून ते भांडं. गव्हाणीत बाळ येशू, दारात तारा, टेबलावर फुगे, कुलकुलं आणि अर्थातच मावशींचा केक, काळसर, साधा गोल. "आम्ही पण करून ठेवू" म्हणाल्या होत्या, त्यांनी शब्द पाळला होता. मी डबा उघडला. घरातली सगळी मुलं जमा झाली. मावशींनी एक मोदक उचलला, फिरवून सगळीकडून पाहिला आणि म्हणाल्या, "गणपतीला विचारून आणलास ना रे?" मग खाल्ला. दुसरा घेतला. एक पेपरात गुंडाळून शेजारी पाठवला. सांगायला हरकत नाही, मोदक केकच्या आधी संपले. मुलांना तो नाताळचा नवा पदार्थ वाटला आणि धाकट्याने पुढच्या वर्षीची मागणीही नोंदवली.

मग भांडं हातोहात फिरलं. मी झाडांबद्दल सांगितलं, डालक्विस्टबद्दल सांगितलं, 1966 पर्यंत पोचलो. मावशींचं लक्ष नव्हतं. त्या बोटाने एकेक खाच चाचपत होत्या. त्यांच्या लहानपणी केक पातेल्यात व्हायचा, खाली निखारे आणि वर झाकणावर निखारे. आता त्या जुन्या बिस्किटाच्या डब्यात करतात. तळाला कागद, कडेला कागद, कागदाला लोणी. केक झाला की कागद धरून उचलायचा. बास.

"चांगलं आहे भांडं," शेवटी त्या म्हणाल्या. "पण मला एक सांग, याला कागद कसा लावतात? एवढ्या फांद्यांना?"

मी भांडं त्यांच्या हातून घेतलं आणि उजेडात धरलं. एक फांदी मोजली. बटर पेपर ओला करून, पट्ट्या कापून, खालून वर...

"मावशी, कशाला विचारलंत?" बायको म्हणाली. "आता घरी जाऊन कात्री घेऊन बसेल हा."